काठ सोडण्याआधी

नवी नोकरी असो, परक्या शहरात जाणं असो की चाळिशीनंतर सुरू करायचा धंदा, माणूस जरा घुटमळला की आजूबाजूचे हमखास सांगतात, "अरे, पाण्यात पडलं की पोहता येतं." सांगणाऱ्याच्या मनात धीर द्यायचाच असतो. पण हे वाक्य खोटं आहे, अगदी शब्दशः खोटं आहे. पोहता न येणारा माणूस खोल पाण्यात पडला तर तो बुडतो. आणि बुडणं सिनेमात दाखवतात तसं नसतं. आरडाओरडा नसतो, हात हलवून बोलावणं नसतं. तोंड पाण्यावर येतं न येतं तोच पुन्हा खाली जातं. वर असतानाच्या त्या क्षणात ओरडायचं की श्वास घ्यायचा, याचा निर्णय शरीर परस्पर घेतं आणि श्वास निवडतं. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. सगळं एखाद्या मिनिटात आटोपतं आणि दहा फुटांवर गप्पा मारत बसलेल्यांना पत्ताही लागत नाही.

म्हणूनच पोहायला शिकवणाऱ्या जुन्याजाणत्या माणसाच्या तोंडी ही म्हण सहसा ऐकू येत नाही. मोठ्या वयाच्या माणसाला काठ सोडायला शिकवणं हे फार सबुरीचं काम आहे, त्यात ढकलून देण्याला जागा नाही. ते काम जवळून पाहिलं तर 'कम्फर्ट झोन सोडा' असं जे आपण उठता-बसता एकमेकांना सांगतो, त्यात काय सुटून गेलंय ते स्पष्ट दिसतं.

काठ हा शब्द मराठीत तसा बदनाम आहे. काठावर पास होणारा, काठावर बसून गंमत बघणारा, काठाकाठाने चालणारा, या सगळ्यांकडे आपण जरा खालच्या नजरेनेच बघतो. पण पस्तिशी-पन्नाशीत जलतरण तलावावर पहिल्यांदा आलेल्या माणसाकडे पाहा. त्याने रेलिंग इतकं घट्ट धरलेलं असतं की बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. खांदे कानांपर्यंत चढलेले, श्वास छातीच्या वरच्या वर. पाणी जेमतेम साडेतीन फूट. उभा राहिला तर कमरेच्या थोडं वर येईल. त्यालाही ते ठाऊक असतं. तरी हात सुटत नाही. तो भित्रा आहे म्हणून हे होतं असं समजू नये. शरीराला अजून कुणी पुरावा दिलेला नाही, एवढंच खरं आहे.

लहान मूल तोच तलाव आठ दिवसांत आपलासा करतं. त्याला नाकातोंडात पाणी गेल्याची लाज वाटत नाही. ठसकतं, रडतं, पुन्हा उतरतं. मोठ्या माणसाकडे चाळीस वर्षांची समज असते आणि पाण्यात नेमकी तीच आडवी येते. जमिनीवर तोल गेला की डोकं वर करायचं, हात पसरायचे, अंग ताठ करायचं, ही त्याची सवय. पाण्यात या तिन्ही गोष्टी उलट्या पडतात. डोकं वर केलं की पाय बुडतात. अंग ताठ केलं की दम लवकर संपतो. हात पसरून पाणी खाली दाबलं की क्षणभर वर येता येतं आणि लगेच आणखी खाली जावं लागतं. जमिनीवर जे शहाणपण होतं ते पाण्यात चूक ठरतं, आणि हे त्याला सांगून पटत नाही.

त्यामुळे पहिले दोन दिवस पोहण्याचे नसतातच. नुसतं पाण्यात चालायचं. रेलिंगला धरून एक फेरी, मग एका हाताने, मग हात पाण्याखाली ठेवून. कमरेइतक्या पाण्यात पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो. छातीपर्यंतच्या पाण्यात तो आणखी बराच कमी होतो. पाऊल टाकलं की आपण जरा उचलले जातोय असं वाटतं आणि नवख्याला तेच घाबरवतं, कारण पायाखालचं गेल्यासारखं होतं. खरं तर पाणी त्याला धरायला लागलेलं असतं.

मग श्वास. पोहण्याची अर्धी विद्या इथे आहे आणि बॅच भरलेली असली की इथेच घाई होते. तोंडाने श्वास घ्यायचा, एका सेकंदात. चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातून हळूहळू बुडबुडे सोडायचे, तीन ते चार सेकंद. 'म्ऽऽऽ' असा आवाज काढत राहिलं की हवा नाकातून बाहेर जात राहते आणि पाणी आत यायला वाट उरत नाही. पहिल्या दिवशी हे दहादा, दुसऱ्या दिवशी वीसदा, चौथ्या दिवसापर्यंत न थांबता तीसदा. दर वेळी वर आल्यावर चेहरा पुसायचा मोह होतो. तो मोडायलाच दोन दिवस जातात, कारण पोहताना चेहरा पुसायला हात मोकळा नसतो.

इथे चूक जवळजवळ सगळ्यांची एकच होते: श्वास कोंडून धरणं. पाण्याखाली तोंड घट्ट मिटायचं आणि वर आल्यावर आधी हवा सोडून मग नवी घ्यायची, हे एवढ्या वेळात बसत नाही. मग अर्धवट श्वास घेतला जातो, पुढचा त्याहून अर्धवट, आणि चौथ्या-पाचव्या वेळेला माणूस धापा टाकत रेलिंग गाठतो. त्याला वाटतं हवा कमी पडली. पण जीव कासावीस होतो तो प्रामुख्याने आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन अजून पुरेसा असतो. बाहेर टाकायचं ते टाकलेलं नसतं म्हणून नवं आत मावत नाही. पोहताना दम लागतो अशी तक्रार करणाऱ्यांना म्हणूनच श्वास घ्यायला नव्हे, सोडायला शिकवावं लागतं.

याच कारणासाठी एक इशारा इथेच देऊन ठेवतो. पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ कोण राहतो अशी पैज पोरं लावतात आणि बुडी मारण्याआधी दहा-बारा वेळा जोरजोरात श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो, म्हणजे 'आता वर ये' असं सांगणारी घंटाच बंद पडते. पोरगं कुठलाही त्रास न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध होतं. चांगले पोहणारेही असे गेले आहेत. ही पैज दिसली की तिथल्या तिथे मोडावी.

आता त्या व्यायामाकडे येऊ, ज्याने काठ खऱ्या अर्थाने सुटायला लागतो. शिकणाऱ्याला सांगायचं, आज तुम्ही बुडायचं. साडेतीन फूट पाण्यात छाती भरून श्वास घ्या आणि तळाशी मांडी घालून बसून दाखवा.

त्याला बसता येत नाही. तो खाली जायला बघतो आणि पाणी त्याला वर लोटतं. पुन्हा प्रयत्न करतो, हाताने पाणी ढकलून खाली जातो, फरशीला जेमतेम बूड टेकतं न टेकतं तोच वर येतो. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसांत पूर्ण श्वास घेतल्यावर चार-पाच लिटर हवा मावते आणि दर लिटर हवा त्याला सुमारे एक किलोने वर उचलते. माणसाचं अंग आणि पाणी यांच्या घनतेत मुळातच फरक थोडा. छाती भरलेली असली की पारडं बहुतेकांच्या बाबतीत तरंगण्याकडे झुकतं. सडपातळ, पिळदार अंगाच्या पुरुषांचं थोडं वेगळं असतं, त्यांचे पाय जड असतात आणि ते जरा खाली तरंगतात. बायकांना बहुधा तरंगणं सोपं जातं. पण बुडायला मेहनत करावी लागते, हे ज्याने एकदा स्वतःच्या अंगाने अनुभवलं त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दहा व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या अर्ध्या मिनिटात होतं.

त्यानंतर गुडघे छातीशी घेऊन, त्यांना हातांनी कवटाळून, हनुवटी आत घेऊन पाण्यात गोळा व्हायचं. आधी शरीर वीतभर खाली जातं. इथेच घाबरून लोक पाय सोडतात. दोन-तीन सेकंद थांबलं तर ते आपसूक वर येतं आणि पाठ पाण्याबाहेर दिसायला लागते, कासवासारखी. त्या दोन सेकंदांचा धीर एवढंच इथे शिकायचं असतं. खाली जाणं हा वर येण्याच्या वाटेवरचाच टप्पा आहे, हे अंगाला कळावं लागतं.

आणि आता ते कौशल्य, ज्याला शिकवण्यात सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि ज्याच्या अभावी सगळ्यात जास्त लोक अर्ध्यावर सोडून जातात. आडव्या झालेल्या माणसाने परत उभं कसं राहायचं?

ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पाणी साडेतीन फूट आहे, पाय खाली टाकले की झालं. पण पालथा तरंगणारा नवखा माणूस उभं राहायचं म्हणून आधी डोकं वर काढतो. डोक्याचं वजन चार-पाच किलो. ते पाण्याबाहेर आलं की पाण्याचा आधार गेला, आणि तो सगळा भार त्याला खाली दाबायला लागतो. पाय खाली झुकतात, पण मागेच राहतात, अंगाखाली येत नाहीत. तो तोंडावर पडतो, गटांगळी खातो, आणि साडेतीन फुटांत आपण बुडालो असं त्याच्या मनावर कोरलं जातं. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. कामाचं कारण सांगतो.

बरोबर क्रम उलटा आहे. आधी गुडघे पोटाशी ओढायचे. मग दोन्ही तळहात खाली करून पाणी कमरेच्या दिशेने दाबायचं, म्हणजे शरीर गोल फिरून पाय खाली येतात. तळवे फरशीला टेकले याची खात्री करायची आणि डोकं सगळ्यात शेवटी. गुडघे, हात, पाय, डोकं. हे दिवसाला पंधरा-वीस वेळा, पालथं आणि उताणं दोन्ही, अगदी कंटाळा येईपर्यंत करायचं. कंटाळा येणं ही चांगली खूण आहे. ज्याचा कंटाळा आला त्याची भीती उरलेली नसते.

एवढं जमलं की माणूस बदललेला दिसतो. त्याला अजून एक मीटरही पोहता येत नाही, पण रेलिंगवरची त्याची पकड सैल झालेली असते. परत कसं यायचं हे त्याला कळलेलं असतं.

इथे आपल्याकडच्या एका मोठ्या गोष्टीशी थोडं भांडावं लागतं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरायला लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले, असं आपण लहानपणापासून ऐकतो. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपल्या रक्तात आहे, आणि नोकरी सोडणाऱ्यापासून लग्न मोडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो सुनावला जातो. पण गडावरच्या त्या मावळ्यांना तलवार चालवता येत होती. वर्षानुवर्षांची सवय हाताला होती. दोर कापल्याने त्यांना लढाई शिकवली गेली नाही, येत असलेली लढाई त्यांनी पुन्हा हातात घेतली. ज्याला अजून तलवार धरता येत नाही त्याचे दोर कापणं ही निराळी गोष्ट आहे. शिकणाऱ्याचा दोर हा त्याला मागे खेचत नाही. त्या दोराच्या भरवशावर तो आज एक हात जास्त लांब जातो.

तलावात हे अगदी मोजून करता येतं. पहिलं घसरणं, ज्याला ग्लाइड म्हणतात, ते काठाकडून आत नसतं, आतून काठाकडे असतं. शिकणाऱ्याला काठापासून दीड मीटरवर उभं करायचं, तोंड काठाकडे. श्वास घेऊन चेहरा पाण्यात, हात डोक्याच्या पुढे ताणलेले, कान दंडांच्या मध्ये, आणि तळाला पायाने रेटा देऊन काठाकडे झेपावायचं. बोटं काठाला लागतात. पाच वेळा. मग अंतर दोन मीटर. मग अडीच, मग तीन. उद्या पहिल्या दोन खेपा पुन्हा दीड मीटरवरूनच. आठवडाभराने जेव्हा तो काठाला पाय लावून आतल्या बाजूला झेप घेतो, तेव्हा ते अंतर त्याने उलट्या बाजूने आधीच पन्नासदा कापलेलं असतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक पडझड येते, ती जवळजवळ ठरलेली असते. पाय मारायला सुरुवात होते आणि आतापर्यंत जमलेलं सगळं विस्कटतं. कारण माणूस सायकल चालवल्यासारखे गुडघ्यातून पाय मारतो. पाणी उडतं खूप, पुढे सरकत काहीच नाही. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, ते हवा खातात, आणि दोन मिनिटांत दम उखडतो. किक कमरेतून यायला हवी, गुडघा जेमतेम वाकलेला, पावलं मागच्या बाजूला लांबवलेली, टाचा पाण्याच्या वर येतील न येतील अशा. रोज चालणाऱ्या, धावणाऱ्या माणसांचे घोटे कडक असतात. त्यांची पावलं काटकोनातच राहतात आणि पाणी मागे लोटण्याऐवजी पुढून अडवतात. अशा माणसाने घरी जमिनीवर वज्रासनात दोन मिनिटं बसावं, रोज. गुडघ्याचं दुखणं असेल तर तेही नको, नुसते घोटे ताणले तरी चालतील. फरक पंधरा दिवसांनी दिसतो, त्याआधी दिसत नाही.

मग मान. श्वासासाठी पुढे बघत डोकं उचललं की तराजूसारखे पाय खाली जातात. मान नुसती कुशीला वळवायची. एक कान आणि गॉगलची एक काच पाण्यातच राहायला हवी. तोंड अर्धं बाहेर आलं तरी श्वास मिळतो, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

भीती दाटून येण्याचा एक क्षण या सगळ्यात कधी ना कधी येतोच. नाकात पाणी जातं, मेंदूत झिणझिण्या येतात, आणि माणूस सरळ शिडीकडे जातो. त्या वेळी त्याला अडवून धरू नये, रागवू तर अजिबात नये. पण तसाच घरीही जाऊ देऊ नये. भीती शिगेला असताना बाहेर पडलं की अंग एवढंच शिकतं की बाहेर पडल्याने जीव वाचला. त्याला दोन मिनिटं काठावर बसू द्यावं, पाय पाण्यात सोडून. मग त्याला चांगलं येतं असं काहीतरी, बहुधा बुडबुडेच, पाच वेळा करून घ्यावं आणि तिथे दिवस संपवावा. पुढच्या दिवशी तो येतो की नाही हे या पाच बुडबुड्यांवर ठरतं.

१९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चुकीच्या वाटेला गेलं की विजेचा सौम्य किंवा जोरदार झटका, आणि उंदीर योग्य वाट किती लवकर शिकतात ते पाहायचं. फरक ओळखायला सोपा होता तेव्हा जोरदार झटक्याने शिकणं लवकर झालं. फरक ओळखणं जितकं अवघड, तितका सौम्य झटका उपयोगी ठरला, जोरदार झटक्याने शिकणं रखडलं. थोडा ताण हवा असं या प्रयोगाचा दाखला देऊन खूप ठिकाणी सांगितलं जातं. त्यातला दुसरा अर्धा भाग मात्र बहुधा गाळला जातो: काम जितकं अवघड आणि नवं, तितका धक्का लहान हवा. आपण नेमकं उलट करतो. सगळ्यात अवघड वळणावर उभ्या असलेल्याला सगळ्यात मोठा धक्का देतो आणि त्याला हिंमत देणं म्हणतो.

काहींसाठी तर खरा काठ पाण्याला लागूनही नसतो. पंचेचाळिशीच्या बाईला विचारा. तिला पाण्याआधी कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येऊन तलावापर्यंतची वीस पावलं चालायची असतात. आयुष्यभर पदर, ओढणी सावरलेल्या माणसाला अंगाला चिकटणाऱ्या कपड्यात चारचौघांत उभं राहणं म्हणजे काय, हे तिथे शिट्टी वाजवणाऱ्याला पुष्कळदा उमगत नाही. यावर साधे उपाय आहेत. मनगट-घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख मिळतो. सुती कुडता-सलवार मात्र नको, ती पाणी पिते, जड होते, हातापायांना गुंडाळते. टॉवेल किंवा गाऊन तलावाच्या अगदी कडेला ठेवायचा, खोलीत नाही. बायकांची वेगळी बॅच असेल तर तीच घ्यायची, आणि शक्य तर बहीण, जाऊ, शेजारीण अशी सोबत जोडायची. दोघी असल्या की त्या वीस पावलांचं ओझं निम्म्याहून कमी होतं. ही बाई एकदा पाण्यात उतरली की पुढचं तिला बहुधा भराभर जमतं. तिचा अवघड भाग आधीच झालेला असतो.

गावाकडे तलाव नव्हते तेव्हा विहीर होती आणि तिथली पद्धत वरवर रानटी दिसते. काका-मामा पोराला उचलून आत टाकायचे. पण टाकण्याआधी त्याच्या पाठीला काय बांधलेलं असायचं ते बघा. सुका, आतून पोकळ झालेला भोपळा. किंवा पांगाऱ्याचा ओंडका, काटे तासून काढलेला, कारण पांगाऱ्याचं लाकूड वजनाला अगदी हलकं. नंतर पत्र्याचे डबे आले, मग प्लॅस्टिकचे कॅन. दोन भोपळे एकत्र बांधले की ती सांगड. दोन गोष्टींची सांगड घालणं असं आपण रोज म्हणतो, त्यामागे पाण्यावर तरायचं हे साधन आहे.

चार लिटर आकाराचा सुका भोपळा स्वतःचं वजन वजा जाता साडेतीन किलोच्या आसपास उचलतो, म्हणजे पोराच्या डोक्याचा भार जवळजवळ निघाला. तो पाठीवर, कमरेच्या थोडं वर, दोन ठिकाणी बांधायचा. एकाच दोरीने सैल बांधला तर घसरून मांड्यांकडे जातो, पाय वर आणि डोकं खाली होतं. याने अपघात झाले आहेत. डब्याचं झाकण मेण किंवा डांबर लावून बंद केलेलं असायला हवं, नाहीतर तासाभरात डबा भरतो आणि बुडवायलाच मदत करतो. ट्रॅक्टरची ट्यूब सगळ्यात फसवी. तिच्यात बसलेलं पोर उलटलं तर कंबर अडकते आणि डोकं पाण्याखाली राहतं.

आणि जाणती माणसं भोपळा एकदम सोडत नसत. आठवड्याने मोठ्याच्या जागी लहान यायचा, मग तोही सैलसर, आणि एक दिवस तो सुटून बाजूला तरंगत असायचा नि पोरगं पलीकडच्या पायरीपाशी पोचलेलं असायचं. वरून 'टाकलं आणि आलं' असं दिसणाऱ्या शिक्षणात हे एवढं मोजमाप होतं. म्हण उरली, भोपळा विसरला.

नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करणाऱ्याला याहून वेगळं काय सांगायचं? नोकरीत असतानाच शनिवार-रविवार त्या कामाला द्यावेत, निदान सहा महिने. पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक अनोळखी असावं, मित्र किंवा मेहुणा नव्हे, कारण मेहुण्याचं गिऱ्हाईक म्हणजे पाठीवरचा भोपळा आहे आणि तो कधी सोडायचा ते ठाऊक हवं. घरखर्चाचे सहा ते बारा महिने वेगळ्या खात्यात असावेत, त्यात मुलांची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता धरलेला. आणि एक तारीख आधीच कागदावर लिहावी, घरच्यांना दाखवून, की तोवर अमुक इतकं उत्पन्न झालं नाही तर पुन्हा नोकरी धरायची. ही तारीख लिहिणारा माणूस कच्च्या मनाचा आहे असं लोक म्हणतील. तो उभं राहायला शिकून मग आडवा झालेला आहे.

कधीकधी काठ आपण सोडत नाही, तोच ढासळतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालची ताकद गेली. ज्या पायांवर रिंगणात उभं राहायचं ते पायच राहिले नाहीत. पाण्यात ते उतरले ते उपचाराचा भाग म्हणून. तिथून १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्णपदक. भारताचं वैयक्तिक स्पर्धेतलं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. त्यांची गोष्ट सांगताना आपण गोळ्या सांगतो आणि पदक सांगतो. मधली सात वर्षं सांगत नाही. ज्याच्या पायांत किक नाही त्याला पाण्यात आडवं राहायला, कंबर वर ठेवायला, नुसत्या हातांवर पुढे जायला काय काय पुन्हा शिकावं लागतं, हे काठावर आठ दिवस उभा राहिलेला माणूस थोडंफार ओळखू शकतो.

शेवटी डीपला, म्हणजे तलावाच्या खोल भागात, जायचा दिवस येतो. शॅलोमध्ये वीस-पंचवीस मीटर सहज जाणारा माणूस फरशीचा उतार सुरू झाला की थबकतो. पाणी चार फूट असो की बारा फूट, ते तेवढंच उचलून धरतं. तरी पाय टेकणार नाहीत ही जाणीव तळपायातून वर चढते. म्हणून डीपला जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. उताणं पडून पाण्यावर नुसतं राहणं, दोन मिनिटं, कान पाण्यात, पोट वर, छाती भरलेली. आणि उभ्याने तरंगणं, तळहातांनी पाण्यात आडवा इंग्रजी आठ काढत, पाय सावकाश, एक मिनिट तरी. मग भिंतीला समांतर, हातभर अंतर राखून डीपमधून जायचं. एक जाणता माणूस बांबू घेऊन काठाने बरोबर चालेल. बांबू पुढे धरायचा नाही, दिसेल असा धरायचा. पहिल्या फेरीत पोहणारा दर दोन हातांनी बांबूकडे बघतो. चौथ्या-पाचव्या फेरीत बघायचं विसरतो.

तलावात पोहणं आलं म्हणून विहिरीत, खाणीत, धरणात लगेच उतरू नये. विहिरीत वरचं पाणी कोमट आणि चार-सहा फुटांखाली एकदम गार असतं. गार पाण्याने अचानक मोठा श्वास ओढला जातो, आणि तो पाण्याखाली ओढला गेला तर संपलं. सगळ्यात फसवं शेततळं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, कडेला गुळगुळीत प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर शेवाळ. चांगला पोहणारासुद्धा काठापर्यंत येतो आणि काठ त्याला वर घेत नाही, पाय घसरत राहतात, नखं कागदावर ओरखडत राहतात. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बुडणाऱ्यासाठी उडी मारायची नसते. दोर, धोतर, साडी, बांबू, रिकामा बंद कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं, आणि स्वतः जमिनीवर पालथं पडून ओढायचं.

म्हणून शेततळ्याच्या चारही कोपऱ्यांना आणि विहिरीला एक दोर कायमचा हवा. काथ्याचा नको, तो ओला-सुका होत आतून कुजतो आणि वरून कळत नाही. नायलॉनचा घ्या, अंगठ्याएवढा जाड, हातात भरेल असा. दर फुटावर गाठ. वरचं टोक मोटरच्या पाइपला नको, जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी खुंट्याला. खालचं टोक उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्याही दोन-तीन हात खाली सोडलेलं, कारण मे महिन्यात पाणी उतरतं आणि दिवाळीत पुरणारा दोर तेव्हा लोंबकळत वरच राहतो. उन्हाने नायलॉनही भुरभुरीत होतं. दर पाडव्याला एकदा तो पूर्ण वर ओढावा, प्रत्येक गाठ पिळून बघावी, घरातल्या सगळ्यात जड माणसाने त्याला लोंबकळून बघावं, आणि मग पुन्हा पाण्यात सोडावा.